विटांचे थर आणि दर्शनी नकाशा

गिलावा न केलेल्या, उघड्या विटांच्या भिंतीकडे थोड्या अंतरावरून पाहिले म्हणजे तिच्यावर आडव्या रेषांची एक मालिका दिसते. विटांच्या दोन ओळींमध्ये भरलेल्या मसाल्याच्या या रेषा होत. भिंत चांगली बांधलेली असेल तर या रेषा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत समपातळीत जातात, खिडकीपाशी येऊन थांबतात आणि खिडकीच्या पलीकडे त्याच उंचीवर पुन्हा सुरू होतात. खिडकीचा तळ अशाच एका रेषेवर टेकलेला असतो व तिचा माथाही दुसऱ्या एका रेषेवर संपतो. पाहणाऱ्याला त्यात काही विशेष आहे असे वाटत नाही. परंतु हा मेळ जेथे बसलेला नसतो तेथे खिडकीखाली विटांच्या पातळ चकत्या बसविलेल्या दिसतात, कोठे मसाल्याचा सांधा बोटभर जाड झालेला असतो, तर कोठे तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो. अशी भिंत डोळ्यांना खटकते. इतकेच नव्हे, तर त्या जाड सांध्यांतून व तुकड्यांच्या फटींतून पावसाचे पाणी आत शिरण्याचा संभव वाढतो.

हा मेळ गवंड्याच्या हातकौशल्यामुळे बसतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ती समजूत अर्धीच खरी आहे. खिडकी जमिनीपासून किती उंचीवर असावी हे गवंडी ठरवीत नाही. ते नकाशात ठरलेले असते. नकाशातील उंची विटेच्या थरांशी जुळणारी नसेल, तर निष्णात गवंड्यालाही वीट तोडल्यावाचून किंवा सांधा फुगविल्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून विटांच्या इमारतीचा नकाशा काढताना थरांची उंची दाखविणे हा सजावटीचा भाग नसून तो एक हिशेब आहे. आज हे नकाशे बहुतांशी संगणकावर काढले जातात. संगणक क्षणार्धात सबंध भिंत विटांच्या रेषांनी भरून टाकतो. परंतु तो हिशेब त्याच्याकडून करवून घ्यावा लागतो.

थराची उंची

विटांची एक आडवी ओळ म्हणजे एक थर. थराची उंची ही केवळ विटेची उंची नव्हे. विटेची उंची आणि तिच्याखालील मसाल्याच्या एका सांध्याची जाडी मिळून एक थर होतो. सांध्याची जाडी साधारणतः १० मिलिमीटर धरली जाते.

भारतीय मानक क्रमांक १०७७ मध्ये भाजलेल्या मातीच्या विटेची जी मापे दिली आहेत, त्यांपैकी दोन येथे विचारात घेऊ. पहिले माप १९० × ९० × ९० मिलिमीटर. यात प्रत्येक बाजूस १० मिलिमीटरचा सांधा मिळविला की २०० × १०० × १०० अशी पूर्ण मापे येतात. म्हणजे दहा थरांची उंची बरोबर एक मीटर. दुसरे माप २३० × ११० × ७० मिलिमीटर. जुन्या नऊ इंची विटेच्या जवळचे असे हे माप असून त्यात एका थराची उंची ८० मिलिमीटर होते.

हे आकडे मनास येतील तसे निवडलेले नाहीत. विटेची लांबी तिच्या दोन रुंद्या आणि एक सांधा यांच्या बेरजेइतकी असते: ११० + १० + ११० = २३०. त्यामुळे एक वीट आडवी आणि तिच्या वरच्या थरात दोन विटा उभ्या रोखाने लावल्या तरी भिंतीची जाडी सारखीच राहते. तसेच, तीन विटांच्या उंच्या आणि त्यांमधील दोन सांधे यांची बेरीजही २३० च येते: ७० + १० + ७० + १० + ७०. यामुळे वीट टोकावर उभी केली असता ती तीन थरांची उंची नेमकी व्यापते. खिडकीच्या माथ्यावर उभ्या विटांची जी शोभिवंत ओळ दिसते ती शेजारच्या थरांशी जुळते याचे कारण हे आहे.

विटेच्या बाजूंत असे सोपे प्रमाण राखण्याची कल्पना फार प्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या नगरांतील पुष्कळशा विटांच्या उंची, रुंदी व लांबी यांचे प्रमाण १ : २ : ४ असे आढळते.

देशोदेशींचे हिशेब

इतर देशांत विटेचे माप वेगळे आहे, पण तत्त्व तेच. ब्रिटनमध्ये प्रचलित असलेली वीट २१५ × १०२.५ × ६५ मिलिमीटर असते. १० मिलिमीटर सांध्यासह तिचा थर ७५ मिलिमीटरचा होतो व चार थरांची उंची ३०० मिलिमीटर येते. जर्मनीत ७१ मिलिमीटर उंचीची वीट सुमारे १२ मिलिमीटर सांध्यासह वापरली जाते आणि बारा थरांचा एक मीटर होतो. अमेरिकेतील एका नेहमीच्या मापात तीन थर मिळून आठ इंच भरतात.

शेवटच्या दोन उदाहरणांत एक अडचण दडलेली आहे. मीटरचा बारावा भाग म्हणजे ८३ पूर्णांक एक तृतीयांश मिलिमीटर. आठ इंचांचा तिसरा भाग म्हणजे २ पूर्णांक दोन तृतीयांश इंच. हे दोन्ही आकडे दशांशात लिहू गेल्यास संपत नाहीत. जर्मन थराची उंची कोणी सोयीसाठी नुसती ८३ मिलिमीटर धरली, तर साठ थरांच्या भिंतीची उंची ५००० ऐवजी ४९८० मिलिमीटर येते, म्हणजे २० मिलिमीटर कमी पडतात. अमेरिकन थर २.७ इंच धरला, तर नव्वद थरांची उंची २४० ऐवजी २४३ इंच होते. एका थरात डोळ्याला न दिसणारी चूक प्रत्येक थराबरोबर साचत जाते व माथ्यापाशी तीन इंचांची होते. म्हणून अनुभवी आरेखक एका थराचे माप पुनःपुन्हा मिळवीत बसत नाही. तीन थर, बारा थर अशा पूर्ण मापाच्या गटांवर पातळ्या निश्चित करतो व प्रत्येक गटाचे समान भाग पाडतो.

दर्शनी नकाशा आणि त्याचे प्रमाण

इमारतीची एक बाजू समोरून, कोणताही कोन न घेता पाहिली असता जशी दिसेल तशी मापाने काढलेली आकृती म्हणजे दर्शनी नकाशा. खोल्यांची मांडणी तळनकाशात दिसते, तर जोते, खिडक्यांचे तळ व माथे, छज्जे आणि छप्पर यांच्या उंच्या दर्शनी नकाशात दिसतात. थरांच्या रेषांचे खरे स्थान येथेच आहे.

त्या सर्व रेषा दाखवाव्यात की नाही, हे नकाशाच्या प्रमाणावर अवलंबून असते. ८० मिलिमीटरचा थर १ : २०० प्रमाणाच्या नकाशात अवघा ०.४ मिलिमीटर उंच दिसेल. नकाशातील बारीक रेषाही ०.१८ मिलिमीटर जाडीची असते. मग रेषा आणि तिच्यालगतची मोकळी जागा जवळपास सारखीच होऊन भिंत नुसती काळवंडते. १ : १०० प्रमाणात तोच थर ०.८ मिलिमीटरचा, १ : ५० मध्ये १.६ मिलिमीटरचा व १ : २० मध्ये ४ मिलिमीटरचा होतो. यावरून असा नियम सांगता येईल की, १ : ५० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाच्या नकाशात प्रत्येक थर दाखवावा आणि लहान प्रमाणाच्या नकाशात भिंतीच्या कडेला एक उभी मोजपट्टी काढून तिच्यावर दर पाचव्या किंवा दहाव्या थराची खूण, थराचा क्रमांक व उंची एवढेच लिहावे. गवंड्याला रेषांच्या दाटीपेक्षा अशा आकड्यांचाच उपयोग अधिक होतो.

खिडकी कोणत्या उंचीवर

आता एक साधे उदाहरण घेऊ. एका शाळेच्या वाचनालयाची भिंत २३० × ११० × ७० मिलिमीटरच्या विटांनी बांधावयाची आहे. जोत्याच्या माथ्यापासून खिडकीचा तळ ९०० मिलिमीटरवर व माथा २१०० मिलिमीटरवर असावा असे आरेखकाने योजिले आहे. हे आकडे पूर्ण व लक्षात ठेवण्यास सोपे आहेत, म्हणून ते सर्रास वापरले जातात. परंतु ९०० ला ८० ने भागल्यास ११.२५ थर येतात आणि २१०० ला भागल्यास २६.२५. म्हणजे खिडकीच्या तळाशी व माथ्याशी, दोन्ही ठिकाणी पाव थराची तफावत आहे. गवंड्याने अकरा थर रचले म्हणजे २० मिलिमीटर उरतात. तेवढ्यासाठी वीट मिळत नाही. मग तो मसाल्याचा जाड लेप देतो किंवा खालचे सर्व सांधे थोडेथोडे फुगवितो.

यावर उपाय अगदी सोपा आहे. खिडकीचा तळ ८८० मिलिमीटरवर आणि माथा २०८० मिलिमीटरवर आणला, तर तळ अकराव्या थराच्या व माथा सव्विसाव्या थराच्या वर येतो. खिडकीची उंची पूर्वीप्रमाणेच १२०० मिलिमीटर, म्हणजे पंधरा थर, राहते. संपूर्ण खिडकी केवळ २० मिलिमीटर खाली सरकली. खोलीत बसणाऱ्याला हा फरक कधीही जाणवणार नाही. मात्र भिंतीतील एकही वीट उंचीत तोडावी लागत नाही.

मजल्याच्या उंचीलाही हाच विचार लागू आहे. ३००० मिलिमीटर म्हणजे साडेसदतीस थर. त्याऐवजी ३०४० मिलिमीटर घेतल्यास पुरे अडतीस थर होतात. १०० मिलिमीटरच्या थराची वीट वापरावयाची असेल तर मात्र ९००, २१०० व ३००० हे तिन्ही आकडे जसेच्या तसे चालतात. यावरून असे दिसते की, कोणतीही उंची स्वतः चांगली वा वाईट नसते. वीट कोणती हे आधी ठरले पाहिजे.

विटेइतकेच ती लावण्याच्या पद्धतीलाही महत्त्व आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात एका काटकसरीच्या बांधणीचा पुष्कळ प्रसार केला. तिच्यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करतात व भिंतीच्या आत पोकळी राखतात. त्यामुळे विटांची सुमारे चतुर्थांश बचत होते. या बांधणीत विटेची ११० मिलिमीटरची बाजू उभी येते, म्हणून थर १२० मिलिमीटरचा होतो. वीट तीच, पण ८० च्या हिशेबाने काढलेला नकाशा येथे निरुपयोगी ठरतो.

संगणक काय करतो

ऑटोकॅड हे नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर १९८२ मध्ये प्रथम बाजारात आले. इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती उभारून तिच्यावरून नकाशे तयार करणारे रेव्हिट हे सॉफ्टवेअर २००० मध्ये आले. अशा साधनांत भिंतीची चौकट निवडून विटांची रेखानक्षी भरण्याची आज्ञा दिली, की एरवी दिवसभर पट्टी धरून काढाव्या लागणाऱ्या रेषा एका क्षणात उमटतात. परंतु या सोयीचा उपयोग करताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे रेखानक्षीचा प्रकार. एका प्रकारची नक्षी कागदाशी बांधलेली असते. तिच्या रेषांमधील अंतर कागदावर नेहमी सारखेच राहते, मग नकाशाचे प्रमाण काहीही असो. कागदावर दोन मिलिमीटर अंतराने काढलेल्या रेषा १ : ५० प्रमाणात १०० मिलिमीटरचा थर दाखवितात, तर १ : १०० प्रमाणात २०० मिलिमीटरचा. अशी नक्षी ‘येथे विटा आहेत’ एवढेच सांगते; तिच्यावरून थर मोजणे व्यर्थ होय. दुसऱ्या प्रकारची नक्षी इमारतीशी बांधलेली असते. तिच्या रेषांमधील अंतर विटेच्या खऱ्या मापाचे असते व नकाशाच्या प्रमाणानुसार त्या जवळ किंवा दूर दिसतात. थर दाखविण्यासाठी हीच नक्षी वापरावयास हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे थराचे माप. सॉफ्टवेअरबरोबर मिळणाऱ्या तयार नक्ष्यांपैकी काही परदेशी विटांच्या मापावर आधारलेल्या असतात. त्या जशाच्या तशा भरल्यास नकाशातील भिंत सुबक दिसते, पण ती या देशातील विटेची भिंत नसते. म्हणून प्रत्यक्ष वापरावयाच्या विटेची उंची व सांधा यांची बेरीज करून नक्षीचे माप स्वतः द्यावे.

तिसरी गोष्ट म्हणजे आरंभबिंदू, आणि सर्वाधिक फसगत येथेच होते. नक्षीचा पहिला थर कोठून सुरू व्हावा हे सांगितले नाही, तर संगणक बहुधा आरेखनाच्या शून्यबिंदूपासून रेषा मोजू लागतो. समजा, शून्यबिंदू जमिनीच्या पातळीवर आहे, जोते ४५० मिलिमीटर उंच आहे व थर ८० मिलिमीटरचा आहे. नक्षीच्या रेषा ४००, ४८०, ५६० अशा उंचीवर येतील. जोत्यावरचा पहिला थर नकाशात केवळ ३० मिलिमीटरचा दिसेल व त्यापुढील प्रत्येक रेषा चुकीच्या जागी पडेल. कारण गवंडी आपला पहिला थर जोत्याच्या माथ्यावर, म्हणजे ४५० मिलिमीटरवर सुरू करतो आणि त्याचे थर ५३०, ६१० असे पुरे होतात. आता आरेखकाने नकाशातील रेषांवर विसंबून खिडकीचा तळ १३६० मिलिमीटरवर ठेवला, तर कागदावर तो एका रेषेवर अगदी नेमका बसतो, कारण १३६० म्हणजे ८० ची सतरापट. परंतु जोत्यापासून ही उंची ९१० मिलिमीटर होते आणि ९१० मध्ये ८० चे पूर्ण थर बसत नाहीत. नकाशा निर्दोष दिसतो, पण भिंत जुळत नाही. जोत्याचा माथा हाच आरंभबिंदू नेमून दिला, की हा दोष दूर होतो.

भूकंपाचा पट्टा

विटांच्या भिंतीत केवळ विटाच असतात असे नाही. भूकंपप्रवण भागांत, भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून, सबंध इमारतीभोवती सलोह काँक्रीटचे आडवे पट्टे ओतले जातात. दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवरील पट्टा हा त्यांतील फार महत्त्वाचा होय. भारतीय मानक क्रमांक ४३२६ प्रमाणे, दोन सळ्यांच्या पट्ट्याची जाडी ७५ मिलिमीटर व चार सळ्यांच्या पट्ट्याची १५० मिलिमीटर ठेवतात. हा पट्टा कोठेही न तुटता सर्व भिंतींवरून फिरला तरच त्याचा उपयोग होतो.

हा पट्टा विटांवर थेट ओतला जात असल्यामुळे त्याखाली सांधा नसतो. तो एका थराची पूर्ण जागा घेऊ शकतो. ८० मिलिमीटरच्या थरांच्या भिंतीत ७५ मिलिमीटरचा पट्टा काढल्यास त्यावरील सर्व थर ५ मिलिमीटरने खाली घसरतात. तोच पट्टा ८० मिलिमीटरचा केला, तर सुरक्षिततेत काही उणे येत नाही आणि थरांची गणतीही बिघडत नाही. चार सळ्यांचा पट्टा १६० मिलिमीटरचा केल्यास तो दोन थरांच्या जागी बसतो. मात्र हे नकाशात थरांसह दाखविलेले असले पाहिजे. एकीकडे खिडकीचा माथा व दुसरीकडे दाराचा माथा वेगवेगळ्या थरांवर आला, तर पट्ट्याची पातळी मोडते व बांधकामाच्या जागेवर तो तोडण्याचा मोह होतो. थरांचा हिशेब अशा रीतीने इमारतीच्या बळाशीही निगडित आहे.

नकाशापासून भिंतीपर्यंत

नकाशा कितीही अचूक असला, तरी वीट ही भट्टीत भाजलेली माती आहे. तिच्या मापात थोडा फरक राहणारच. म्हणून मानकात एकेक वीट न मोजता वीस विटा एका ओळीत लावून मोजावयास सांगितले आहे. ९० मिलिमीटर उंचीच्या वीस विटांचे एकत्र माप १७६० ते १८४० मिलिमीटरच्या दरम्यान असावे लागते. म्हणजे सरासरी वीट ८८ ते ९२ मिलिमीटरची चालते. आलेल्या विटा सरासरीने ९२ मिलिमीटरच्या असल्या आणि गवंड्याने सांधा १० मिलिमीटरचाच ठेवला, तर तीस थरांत भिंत ६० मिलिमीटर उंच जाईल. सांधा ८ मिलिमीटरचा केला, तर थर पुन्हा १०० मिलिमीटरचा होतो. अर्थात गवंड्याने पाळावयाचे ते थराचे माप. विटेतील कमीअधिकपणा सांध्याने भरून काढावयाचा असतो.

यासाठी एक जुने व बिनखर्चाचे साधन आहे. एका सरळ लाकडी पट्टीवर प्रत्येक थराच्या माथ्याची खूण करतात. खिडकीचा तळ, माथा व पट्टा यांच्या खुणा ठळक करतात. ही पट्टी कोपऱ्यावर जोत्याला टेकवून उभी धरावयाची, तिच्यावरील खुणेप्रमाणे दोरी ताणावयाची आणि ओळंबा व पाणसळ यांच्या साहाय्याने थर रचावयाचा. दर्शनी नकाशाच्या कडेला काढलेली मोजपट्टी आणि गवंड्याच्या हातातील ही लाकडी पट्टी या वस्तुतः एकच होत; पहिली लहान प्रमाणात, दुसरी खऱ्या मापात.

भिंतीवर गिलावा होणार असेल तर थरांतील लहानसहान दोष झाकले जातात. उघड्या विटांच्या इमारतीत तशी सोय नसते. अहमदाबाद येथील भारतीय प्रबंध संस्थेच्या ज्या इमारती लुई कान (१९०१–१९७४) यांनी योजिल्या, त्यांच्या विटांच्या भिंती व भव्य कमानी उघड्याच आहेत. तेथे प्रत्येक सांधा पाहणाऱ्याच्या नजरेसमोर राहतो. अशा भिंतीत नकाशातील चूक लपत नाही, आणि तिचा दोष मात्र बहुधा गवंड्याच्या माथी मारला जातो.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे

आपल्या शाळेची किंवा गावातील एखादी उघड्या विटांची भिंत निवडावी. एका विटेच्या वरच्या कडेपासून तिच्यावरील दहाव्या विटेच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून त्यास दहाने भागावे. म्हणजे एका थराची सरासरी उंची मिळेल. नंतर जोत्यापासून खिडकीच्या तळापर्यंत व माथ्यापर्यंतचे थर मोजावेत. गणती पूर्णांकात आली, तर नकाशा विटेचा विचार करून काढला होता असे समजण्यास हरकत नाही. ती अपूर्णांकात आली, तर खिडकीलगत विटांचे तुकडे किंवा जाड सांधे कोठे आहेत ते शोधावे. शेवटी तीच भिंत १ : २० प्रमाणात कागदावर काढून खिडकी किती वर किंवा खाली सरकविली असता तुकड्यांची गरज पडली नसती, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे.